कुलूप घरचे, किल्ली परक्या हाती

(संगणक वापरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाची चर्चा चळवळीला नवी नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला कसून विरोध केला. यंत्र माणसाचे काम हिरावून घेईल, ही त्या विरोधामागची भीती होती. तो प्रश्न आजही संपलेला नाही. पण आजच्या विषयातला प्रश्न त्याहून निराळा आहे. तेव्हाचा संगणक मालकाच्या कचेरीत होता. आजचा संगणक शिक्षकाच्या, कामगाराच्या, संघटनेच्या कार्यकर्त्याच्या टेबलावर आहे. त्याने तो स्वतःच्या पैशाने, पुष्कळदा हप्त्यांनी, विकत घेतलेला आहे. आणि तरीही एखाद्या सकाळी तोच संगणक आपल्या धन्याला दारातच अडवतो. किंमत मोजून घेतलेले यंत्र घेणाऱ्याच्या मालकीचे होते काय, असा हा प्रश्न आहे.

घडते ते असे. संगणक सुरू केल्यावर नेहमीचे दृश्य येत नाही. निळा पडदा येतो. त्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ ही अक्षरे असतात आणि ४८ आकडी क्रमांक मागितलेला असतो. रोजचा पासवर्ड ठाऊक असतो, पण तो येथे चालत नाही. ‘बिटलॉकर’ हे नाव वापरणाऱ्याने बहुधा पहिल्यांदाच वाचलेले असते. हा क्रमांक कोणी व केव्हा दिला, हे तो आठवू लागतो आणि त्याला काहीच आठवत नाही. कारण तो क्रमांक त्याच्या हाती कोणी दिलेलाच नसतो. चोरी झालेली नाही, यंत्र मोडलेले नाही. पतसंस्थेच्या सभासदांची यादी, कामगार न्यायालयातील दाव्यांची टिपणे, दहा वर्षांचे लेखन, घरातली छायाचित्रे सारे काही जागच्या जागी आहे. फक्त ज्याचे आहे त्यालाच ते वाचता येत नाही.

हे कशामुळे होते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या डिस्कवरील मजकूर गणिती पद्धतीने उलटापालटा करून ठेवणे याला एन्क्रिप्शन म्हणतात. मराठीत कूटलेखन म्हणता येईल. योग्य किल्ली मिळाल्याशिवाय तो मजकूर म्हणजे निरर्थक अंकांचा ढीग असतो. ही किल्ली लोखंडाची नव्हे, तर एका प्रचंड संख्येची असते. शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या ३९ आकडी आहे. एकेक करून त्या लावून पाहणे जगातल्या कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. विंडोज संगणकात ही किल्ली मुख्य फळीवरील ‘टीपीएम’ नावाच्या चिपच्या पहाऱ्यात असते. संगणक सुरू होताना त्याचे मूळ भाग आणि आरंभीच्या आज्ञा पूर्वीच्याच आहेत की नाहीत, याची पडताळणी होते. सारे जुळले की चिप मुकाट्याने किल्ली देते आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. जुळले नाही, तर चिप किल्ली देत नाही. मग दुसऱ्या दाराने जावे लागते. ते दार म्हणजे हा ४८ आकडी क्रमांक, अर्थात रिकव्हरी की. सहा-सहा आकड्यांचे त्याचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला तर ती चूक यंत्राच्या लगेच ध्यानात येते. क्रमांकच हाती नसेल, तर मात्र या हुशारीचा काही उपयोग नाही.

पडताळणी न जुळण्यास चोरच यावा लागतो असे नाही. मुख्य फळी बदलली, बायॉस या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती घातली, सुरुवातीच्या मांडणीत एखादा फेर केला, तरी ती चुकू शकते. काही वेळा कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्तीनेही ती चुकते. ९ जुलै २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी म्हणून मासिक सुधारणा पाठविली. ती घेतल्यावर काही संगणक सरळ या निळ्या पडद्यावर जाऊन उभे राहिले. कंपनीने दोष मान्य केला आणि १३ ऑगस्टच्या सुधारणेत तो दूर केला. मधल्या काळात ज्यांच्याजवळ क्रमांक होता ते आत गेले. नव्हता ते बाहेर राहिले.

पूर्वी अशा वेळी गावातला किंवा शहरातला दुरुस्ती करणारा कामास येई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या पेठेपर्यंत असे कसबी कारागीर आहेत. बंद पडलेल्या संगणकातली डिस्क काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि मजकूर उतरवून घ्यावा, हे त्यांचे नित्याचे काम होते. कूटलेखन झालेल्या डिस्कपुढे त्यांचे हे कसब चालत नाही. डिस्क कोठेही नेली तरी कुलूप तिच्याबरोबर जाते. किल्ली हरवल्यास ती पुन्हा तयार करून देता येत नाही, असे मायक्रोसॉफ्टही सांगते. डिस्क पुसून संगणक नव्याने सुरू करणे एवढाच मार्ग उरतो. यंत्र परत मिळते. त्यातले आयुष्य परत मिळत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कूटलेखन ही वाईट गोष्ट नाही. रेल्वेत लॅपटॉप चोरीला गेला, कचेरी फोडली गेली, जुना संगणक विकला, तर सभासदांचे पत्ते, पीडित स्त्रियांचे जबाब, आंदोलनात आलेल्या माणसांची नावे परक्याच्या हाती पडू नयेत, ही गरज श्रीमंतांपेक्षा दुबळ्यांना अधिक आहे. यंत्र चालू असताना आत शिरलेल्या हेर-प्रणालीपुढे हे कुलूप निरुपयोगी आहे, हे खरे. पण चोरी व हरवणूक यांविरुद्ध ते उत्तम संरक्षण आहे. गांधीजींनीदेखील यंत्रमात्राला विरोध केला नव्हता. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी आवर्जून केला होता, कारण ते माणसाच्या हाताखाली राहते. तीच कसोटी येथे लावावयाची. हे कुलूप वापरणाऱ्याच्या हाताखाली आहे काय?

या कसोटीवर तीन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट, हे कुलूप न विचारता लावले जाते. २००७ साली सामान्य ग्राहकांपर्यंत पोचलेल्या व्हिस्टा या आवृत्तीत बिटलॉकर होते. पण ते महागड्या प्रतींत होते आणि ज्याला हवे त्याने ते स्वतः चालू करावयाचे होते. २०१३ च्या ८.१ या आवृत्तीपासून विशिष्ट प्रकारच्या संगणकांवर ते आपोआप लागू होऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने यंत्राविषयीच्या जुन्या अटी सैल केल्या आणि कितीतरी अधिक संगणक या आपोआपपणाच्या कक्षेत आले. नवा संगणक घेतला, किंवा जुन्यावर विंडोज नव्याने घातले, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, की कुलूप लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे ज्यांना नवा संगणक घ्यावा लागला त्यांच्यापैकी पुष्कळजण या कुलपाचे धनी झाले, आणि त्यांतील अनेकांना त्याची वार्ताही नाही.

दुसरी गोष्ट, किल्ली वापरणाऱ्याच्या हातात न देता कंपनीच्या खात्यात ठेवली जाते. कागदोपत्री ते खाते वापरणाऱ्याचेच असते. व्यवहारात काय होते? संगणक दुकानातच सुरू करून दिला जातो. दुकानातला मुलगा घाईने खाते उघडतो. कधी स्वतःच्याच ईमेलवर किंवा फोनवर. घरी मुलगा, पुतण्या किंवा शेजारी ते उघडतो. संघटनेच्या कचेरीत ज्या कार्यकर्त्याने ते उघडले, तो दोन वर्षांनी गाव सोडून गेलेला असतो. म्हणजे कुलूप एकाच्या घरात, आणि किल्लीची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर, तिसऱ्याच्या तिजोरीत.

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. किल्ली ज्याच्याजवळ, मागणीही त्याच्याकडेच जाते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने, विशेषतः २००८ च्या दुरुस्तीनंतर, कूटलेखन उलगडून देण्याचा आदेश काढण्याचे अधिकार सरकारला मिळालेले आहेत. मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. इतर देशांतही असे कायदे आहेत. किल्ली माणसाजवळ असेल तर त्याला निदान विचारावे लागते. तो वकील गाठू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. किल्ली कंपनीजवळ असेल तर त्याला विचारण्याचे कारणच उरत नाही. स्वतःच्या मजकुरापासून तो स्वतः वंचित राहू शकतो आणि सत्ता मात्र आत जाऊ शकते, असे उफराटे चित्र येथे संभवते.

यावर कंपनीच्या बाजूने एक उत्तर दिले जाते, आणि ते अगदीच पोकळ नाही. माणसे किल्ल्या हरवतात. कागदावर लिहून ठेवा म्हटले तर लिहीत नाहीत; लिहिले तर कागद सापडत नाही. खात्यात ठेवलेल्या किल्लीमुळे असंख्य लोकांचा मजकूर वाचला असेल. हे मान्य केले पाहिजे. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की, खात्यात एक प्रत ठेवणे ही उपयुक्त सोय आहे. सोय आणि सक्ती यांत फरक आहे. ‘तुमच्या मजकुराला कुलूप लावीत आहोत, ही किल्ली, तिची एक प्रत आमच्याजवळ ठेवावयाची काय?’ हे तीन वाक्यांचे संभाषण यंत्र बनविणाऱ्याला अवघड नव्हते. लिनक्सच्या अनेक प्रकारांत संगणक सिद्ध करतानाच कूटलेखन हवे काय असे विचारले जाते, परवलीचा शब्द वापरणाराच ठरवितो आणि तो विसरल्यास मजकूर कायमचा जाईल, असा इशाराही मिळतो. तेथेही माणसे शब्द विसरतात, मजकूर गमावतात. पण कुलूप आपण लावले आहे, हे त्यांना ठाऊक असते.

कोणी म्हणेल, संमती तर घेतलेली असते. सुरुवातीला अटी दाखविल्या जातात आणि वापरणारा ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवतो. महाराष्ट्राला या बोटाचा इतिहास ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठली, आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांत उठाव पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? कर्जरोख्यांवर. अनेक ठिकाणी त्यांनी रोखे हिसकावून घेतले आणि जाळले. कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, कागद सावकाराच्या पेटीत होता, आणि खाली अंगठा मात्र त्यांचा होता. त्या उठावाची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, अशी तरतूद त्यात करण्यात आली. न समजता उठविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे परक्या सरकारलाही मान्य करावे लागले.

संगणक कंपनी म्हणजे सावकार नव्हे. ती व्याज लावत नाही, मजकूर अडवून पैसे मागत नाही. तुलना तेथवर ताणणे अन्यायाचे होईल. साम्य एकाच मुद्द्यापुरते आहे, पण तो मुद्दा मूलभूत आहे : न वाचता येणाऱ्या कागदावरची संमती, आणि दुसऱ्याच्या पेटीतला दस्त. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असावी आणि तिच्यासाठीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, हे तत्त्व त्यात आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. हेच तत्त्व कुलपालाही लावले पाहिजे.

ही केवळ एकेकट्याची अडचण आहे, असेही समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरचे विंडोज संगणक कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने त्यांची संख्या ८५ लाख होती. विमानतळ, रुग्णालये, बँका यांचे व्यवहार खोळंबले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय तसा लहान होता : संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती एक फाइल काढून टाकावयाची. पण डिस्क कुलूपबंद असेल तेथे प्रत्येक यंत्रापुढे बसून आधी तो ४८ आकडी क्रमांक भरणे भाग पडले. ज्या संस्थांनी किल्ल्यांची नोंद नीट ठेवली होती, त्या लवकर सावरल्या. मोठ्या संस्थेजवळ असा विभाग असतो, माणसे असतात. तालुक्याच्या ग्रंथालयाजवळ, मजूर सहकारी संस्थेजवळ, एकट्याने वार्तापत्र चालविणाऱ्याजवळ ते नसते. म्हणून या आपोआपपणाचा भार ज्यांना तो पेलण्याची शक्ती सर्वांत कमी, त्यांच्यावरच सर्वांत अधिक पडतो.

तेव्हा मागणी काय करावयाची? कूटलेखन बंद करा, अशी मागणी अज्ञानाची ठरेल. मागणी अशी असावी की, कुलूप लावण्यापूर्वी वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत स्पष्ट विचारले जावे. किल्ली त्याच्या हाती पडल्याशिवाय कुलूप पूर्ण होऊ नये. आणि तिची प्रत कंपनीकडे ठेवणे न ठेवणे त्याच्या मर्जीवर असावे. विक्रेत्याने पावतीबरोबर ही माहिती लेखी द्यावी. शाळा, ग्रामपंचायती, सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून जी खरेदी होते, तिच्या निविदेत या अटी घालणे सरकारला सहज शक्य आहे. एकट्या ग्राहकाचे न ऐकणारी कंपनी हजारो संगणकांच्या खरेदीदाराचे ऐकते. ग्राहक पंचायती, शिक्षक संघटना व ग्रंथालय संघ यांनी हा विषय हाती घेण्यासारखा आहे.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने हे काम या आठवड्यात करावे. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे काय, ते पाहावे. चालू असल्यास मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन त्या यंत्राची रिकव्हरी की शोधावी. एका खात्यात अनेक किल्ल्या असू शकतात. निळ्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळखचिन्हाची पहिली आठ अक्षरे जुळतात तीच किल्ली त्या यंत्राची. तो क्रमांक कागदावर दोन प्रतींत उतरवावा, ताडून पाहावा, आणि एक प्रत कचेरीच्या कपाटात व दुसरी विश्वासू पदाधिकाऱ्याजवळ ठेवावी. त्याच संगणकात ती जपून ठेवण्यात अर्थ नाही. खाते कोणा एकट्याच्या नावावर नसून संघटनेच्या ईमेलवर असावे, आणि पदाधिकारी बदलले की दप्तर व शिक्क्याबरोबर हा कागदही नव्याच्या स्वाधीन व्हावा. बायॉसची सुधारणा किंवा मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी कूटलेखनाचे संरक्षण तात्पुरते स्थगित ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजकुराची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर नियमाने घ्यावी. कारण किल्ली सांभाळली तरी डिस्क एक दिवस जातेच.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. संघटनेतल्या एखाद्या तरुण मुलीने किंवा मुलाने दोन रविवार दिले, तर एका तालुक्यातल्या सर्व मित्रसंस्थांचे संगणक तपासून होतील. पतसंस्थेचा चिटणीस, शाळेचा लिपिक, शेतमजूर संघटनेची कचेरी सांभाळणारी बाई यांच्यापर्यंत ही गोष्ट निळा पडदा येण्यापूर्वी पोचली पाहिजे. नंतर पोचून उपयोग नाही.

साधने कोणाच्या मालकीची असावीत, हा प्रश्न समाजवादी चळवळीने जमिनीविषयी विचारला, गिरण्यांविषयी विचारला. आता तो टेबलावरच्या लहानशा यंत्राविषयीही विचारावा लागणार आहे. मालकी केवळ पावतीने सिद्ध होत नाही. त्या यंत्राच्या कुलपाची किल्ली ज्याच्या हातात, त्याची मालकी खरी. ती किल्ली परत मिळविण्याची सुरुवात कागदाच्या एका चिठोऱ्यावर ४८ आकडे लिहून घेण्यापासून होते.